दोन लाख साठ हजार किलोमीटरची गाडी आणि एक जुना शेरा

बँकेच्या सेवेत असताना मी शेकडो वाहनांची तपासणी केली. परंतु ती तपासणी म्हणजे चेसिस क्रमांक कागदाशी ताडून पाहणे, विमा चालू आहे की नाही हे बघणे आणि अखेरीस एक शेरा लिहून त्याखाली सही करणे. वाहनाचे बॉनेट उघडून आत हात घालण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर आला, आणि तोही न्यू जर्सीत, चिरंजिवांच्या घराच्या गॅरेजमध्ये. तेथे शिकलेल्या काही गोष्टी आपल्या घरातील तरुण मंडळींना, आणि जुनी गाडी घेण्याच्या किंवा काढून टाकण्याच्या विचारात असलेल्या वडीलधाऱ्यांना, उपयोगी पडतील असे वाटते.

गाडी होती माझदा एमएक्स-५, १९९५ सालची. माझदा हे नाव आपल्या व्यापारी कुटुंबांना स्वराज माझदाच्या मालवाहू गाड्यांमुळे परिचित आहे. त्याच जपानी कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन-प्रदर्शनात ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्‌स कार प्रथम लोकांपुढे आणली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अशा हलक्या उघड्या गाड्या तयार होत. त्या देखण्या खऱ्या, पण तेल गळण्याबद्दल आणि वाटेत रुसून बसण्याबद्दल प्रसिद्ध. जपानी अभियंत्यांनी तोच घाट उचलला आणि त्यात भरवशाचे इंजिन बसवले. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन सुमारे एक टन, आणि कळ दाबताच बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे दिवे. एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी तयार झाली. एवढी माहिती चिरंजिवांनी मला विमानतळावरून घरी येईतोवरच दिली. एवढ्या उत्साहाने तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता, हे येथे नमूद करतो.

ही गाडी त्याने एका वृद्ध गृहस्थाकडून घेतली होती. मीटरवर १,६२,००० मैल, म्हणजे सुमारे २,६०,००० किलोमीटर. 'ज्या गाडीत सामान मावत नाही आणि कुटुंबही मावत नाही, ती कोणत्या खात्यावर नावे टाकायची?' असे मी विचारले, तेव्हा सूनबाई हसल्या. चिरंजीव हसले नाहीत. कारण गाडी आजारी होती. मोकळ्या रस्त्यावर ती नीट चाले, परंतु सिग्नलला किंवा रहदारीत उभी राहिली की तापमानाचा काटा चढू लागे. गावातील एका गॅरेजने 'हेड गॅस्केट गेले आहे' असे निदान करून जो अंदाजखर्च दिला होता, तो गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. चिरंजिवांच्या मनात गाडी भंगारात द्यावी असे घोळत होते.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा खालचा ठोकळा आणि त्यावरचे डोके यांच्यामधील पातळ पत्रा. सिलिंडरमधील आग, वंगणाचे तेल आणि थंड ठेवणारे पाणी या तिघांना तो एकमेकांपासून वेगळे ठेवतो. तो फाटला की एकाच्या घरात दुसरा शिरतो. दुरुस्तीसाठी निम्मे इंजिन उघडावे लागते, म्हणून खर्च मोठा. मी इतकेच विचारले, "हे त्यांनी कोणत्या चाचणीवरून ठरवले?"

"बघून सांगितलं, अण्णा. गाडी तापते म्हणजे तेच असणार."

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. १९८९ च्या सुमारास एका तालुक्याच्या शाखेत मी कर्ज-वसुलीचे काम पाहत असे. एका भाजीपाला वाहणाऱ्या कर्जदाराचा टेम्पो चढावर तापून बंद पडला आणि हप्ते थकले. एका मिस्त्रीने टेम्पोजवळ उभे राहून 'इंजिन गेले' असे सांगितले आणि मी अहवालात 'इंजिन निकामी, वाहन भंगारयोग्य' असा शेरा लिहिला. टेम्पो लिलावात गेला. ज्याने तो घेतला त्याने आठ दिवसांत रेडिएटर आणि दोन होज पाइप बदलले, आणि पुढे कित्येक वर्षे तो टेम्पो आमच्या शाखेसमोरूनच जात असे. मूळ कर्जदार त्यावेळी बाजार समितीत हमाली करीत होता. तो मला भेटला की नमस्कार करी. माझ्या शेऱ्याबद्दल त्याला काही ठाऊक नव्हते. मला मात्र होते.

म्हणून चिरंजिवांना म्हणालो, "आधी तपासणी, मग शेरा. आठ दिवस दे."

माझ्याजवळ यंत्राचे ज्ञान नव्हते. कागद वाचण्याची सवय होती. आधीच्या मालकाने गाडीबरोबर पावत्यांची एक जाड फाइल दिली होती, ती कोणी उघडलीही नव्हती. दोन संध्याकाळी बसून मी तारीख, मैल आणि काम अशी तीन रकान्यांची यादी केली. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप १,१८,००० मैलांवर बदललेले. हा बेल्ट साधारण ६०,००० मैलांनी बदलावा लागतो, तेव्हा त्याची मुदत अजून शिल्लक होती. क्लच, ब्रेक, टायर, कापडी टप, सगळ्यांच्या पावत्या होत्या. नव्हती ती फक्त रेडिएटरची. म्हणजे रेडिएटर कारखान्यातून आला तोच, १९९५ सालचा. हिशेब तपासताना जी नोंद नाही तिकडे बोट ठेवावे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेले असते.

शनिवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, आम्ही बॉनेट उघडले. (गरम इंजिनवर रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये; आत दाबाखाली असलेले उकळते पाणी तोंडावर येते.) चिरंजीव म्हणाला, "पाणी कमी नाही अण्णा, मी रोज बघतो," आणि शेजारची प्लॅस्टिकची बाटली दाखवली. ती खुणेपर्यंत भरलेली होती. मी रेडिएटरचे टोपण काढून आत बोट घातले. बोट कोरडे आले.

येथे थोडे थांबून सांगतो, कारण सर्व प्रकरणाची किल्ली येथेच आहे. गाडी तापली की पाणी प्रसरण पावते आणि जादा पाणी टोपणातील झडपेतून त्या बाटलीत जाते. गाडी थंड झाली की आत निर्वात होऊन तेच पाणी परत ओढले जाते. परंतु रेडिएटरला वरच्या भागात बारीकशी चीर असेल, तर थंड होताना पाण्याऐवजी त्या चिरेतून हवा आत येते. बाटली भरलेलीच राहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. पासबुकात शिल्लक दिसावी आणि तिजोरी मोकळी असावी, तसा हा प्रकार. चिरंजीव रोज पासबुक पाहत होता.

आता चीर शोधायची. तेथे सुट्या भागांच्या दुकानातून अनामत रक्कम ठेवून तपासणीची हत्यारे उसनी मिळतात आणि परत केल्यावर पूर्ण अनामत परत मिळते; ही पद्धत मला फार आवडली. दाब-चाचणीचा हातपंप आणला. रेडिएटर भरून, टोपणाच्या जागी पंप बसवून टोपणावर कोरलेल्या ०.९ या आकड्याइतका दाब दिला. हा दाब असतो म्हणूनच आतील पाणी शंभर अंशांवर न उकळता बरेच वर जाऊन उकळते. दहा मिनिटांत काटा सावकाश खाली आला. जमिनीवर मात्र थेंब नाही. टॉर्च आणि दाढीचा आरसा घेऊन पाहिले, तेव्हा रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर, मागच्या बाजूला, केसाएवढी रेघ आणि तिच्याभोवती हिरवट-पांढरा वाळलेला थर दिसला. ही टाकी मुळात काळी असते; वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती तपकिरी होऊन ठिसूळ होते. गळलेले पाणी तापलेल्या पत्र्यावरच वाफ होऊन जात होते, म्हणून खाली ओल नव्हती.

चीर सापडली म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही. दोन्ही असू शकतात. त्यासाठी आणखी दोन चाचण्या केल्या. पहिलीत रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची काचनळी बसवून इंजिन चालू ठेवतात. गॅस्केट फाटून जळालेला वायू पाण्यात शिरत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. आमचा शेवटपर्यंत निळाच राहिला. दुसरी कॉम्प्रेशनची. चारही स्पार्क प्लग काढायचे आणि इंजिनच्या मागच्या टोकाला असलेल्या सेन्सरचा जोड सोडायचा, म्हणजे ठिणगीही बंद आणि पेट्रोलही बंद. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन फिरवायचे आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. मी पेन घेऊन बसलो : १६८, १७२, १६५, १७०. एवढ्या मैलांनंतर चार भावांत इतके साम्य क्वचितच आढळावे. गॅस्केट फुटलेले असते तर एखादा, किंवा शेजारचे दोन, साफ पडलेले दिसले असते. चारही प्लग फिक्या तपकिरी रंगाचे, तेलाच्या टोपणाखाली दुधाळ साय नाही. इंजिन शाबूत होते.

एक शंका उरली. गाडी उभी राहिल्यावरच का तापते? चालत्या गाडीत वारा रेडिएटर थंड करतो. उभ्या गाडीत ते काम विजेच्या पंख्याचे. पंखा फिरत नाही हे पाहून चिरंजिवांनी त्याचा थर्मो-स्विच आधीच बदलला होता, नंतर तापमानाचा सेन्सरही, दोन्ही अंदाजाने. या गाडीत बॉनेटखाली 'डायग्नोसिस' असे लिहिलेली एक लहान डबी असते. तिच्यातील टीएफए आणि जीएनडी या दोन खाचा तारेच्या तुकड्याने जोडून किल्ली फिरवली की पंखा फिरला पाहिजे. फिरला. म्हणजे मोटर, फ्यूज, रिले सर्व ठीक. मग दोष कोठे? स्विच थर्मोस्टॅटच्या घरावर, उंचावर बसवलेला असतो. पाणी कमी झाल्याने तो पाण्यात न बुडता हवेत लोंबकळत होता, आणि हवेला पाण्याइतकी धग नसते. रेडिएटर काठोकाठ भरताच पंखा आपोआप चालू झाला. काढून ठेवलेला जुना स्विच आणि जुना सेन्सरही चांगलेच निघाले. एका चुकीच्या नोंदीने दोन खातवह्या जुळेनाशा व्हाव्यात, तसे झाले होते.

दुरुस्तीबद्दल फार लिहीत नाही. ती तपासणीपेक्षा सोपी निघाली. गाडी जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली आणि मागच्या चाकांना अडसर लावले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी त्याला एकदाही जाऊ दिले नाही. तो चिडला, मी ऐकले नाही. खालची तोटी उघडून जुने कूलंट परातीएवढ्या ट्रेमध्ये घेतले. या द्रवात इथिलिन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. म्हणून सांडलेला थेंब न थेंब पुसून घेतला आणि भरलेले डबे गावातील घातक कचऱ्याच्या केंद्रावर पोचवले. नवा रेडिएटर, वर-खालचे होज, नवे टोपण आणि थर्मोस्टॅट बसवला. जुना थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात उघडतो का हे मला पाहायचे होते. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातील पातेले देण्यास साफ नकार दिला, ते योग्यच होते. शेवटी निम्मे डिस्टिल्ड पाणी आणि निम्मे कूलंट असे मिश्रण भरले. या गाडीत सुमारे ६ लिटर मावते. पुढचा भाग उंच करून, हीटर पूर्ण चालू ठेवून, टोपण उघडे ठेवून, अडकलेली हवा बुडबुड्यांवाटे निघेपर्यंत इंजिन चालवले. याला पाऊण तास लागला. अंदाजाने बदललेले दोन भाग धरूनही एकूण खर्च गॅरेजच्या अंदाजाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहिला.

त्या पाऊण तासात आम्हा दोघांना हुडकून काढण्यासारखे काही काम नव्हते. मी त्याला टेम्पोची हकीकत सांगितली. ती मी घरात कोणालाच सांगितलेली नव्हती. त्याने विचारले, "मग तुम्ही त्यांना सांगितलंत का?" मी नाही म्हणालो. तो काही बोलला नाही; वाकून होज दाबत राहिला, बुडबुडे येत राहिले.

नंतर चाळीस मिनिटे रहदारीत गाडी फिरवली. उजवीकडच्या आसनावर गुडघे छातीशी घेऊन मी काटा पाहत होतो. तो मध्याच्या किंचित खाली जाऊन जो थांबला तो हलला नाही. घरी येऊन फाइलमध्ये नवे पान घातले आणि तारीख, मैल व काम लिहिले. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. तीन सकाळी तो कोरडा होता. चौथ्या दिवशी त्यावर एक काळा थेंब दिसला. पाण्याचा नव्हे, तेलाचा. इंजिनच्या मागच्या टोकाच्या सेन्सरखालून. तेथील रबरी रिंग कालांतराने कडक होते आणि तेल झिरपू लागते, हे या गाडीचे जुनेच दुखणे आहे म्हणे. रिंग स्वस्त, पण हात पोचायला जागा नाही. ते काम चिरंजिवांनी माझ्या पुढच्या खेपेसाठी राखून ठेवले आहे.