मंदावलेला फोन

फोन सुरू होण्यास बराच वेळ लागतो, अ‍ॅप उघडता उघडत नाही, असा अनुभव तुम्हांलाही आला असेल. अशा वेळी 'फोन जुना झाला' असे म्हणून नव्यासाठी पैसे खर्च करण्याची घाई करू नये. आधी कारण शोधावे.

स्टोरेज म्हणजे फोनचे फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. फडताळ गच्च भरले किंवा ओट्यावर पसारा झाला, की काम रेंगाळते. म्हणून प्रथम फोन बंद करून पुन्हा सुरू करावा; त्यामुळे रॅम मोकळी होते. नंतर सेटिंगमध्ये स्टोरेज पाहून न लागणारी अ‍ॅप व चित्रफिती काढून टाकाव्यात.

तरीही फरक पडला नाही, तर अँड्रॉइड फोन 'सेफ मोड'मध्ये सुरू करावा. त्यात आपण घेतलेली अ‍ॅप बंद राहतात. तेव्हा फोन वेगाने चालला, तर दोष बहुधा त्यांपैकी एखाद्याचा असतो. अलीकडे घेतलेली अ‍ॅप एकेक करून काढून पाहावीत.

'फॅक्टरी रीसेट' हा अखेरचा उपाय होय. त्याने फोनमधील सारे पुसले जाते. म्हणून क्रमांक, कागदपत्रे व छायाचित्रे आधी अन्यत्र जतन करावीत. फोन पुन्हा घेता येतो. पुसले गेलेले छायाचित्र मात्र विकत मिळत नाही.