पुसलेल्या फितींचा डॉक्टर

साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनमध्ये वाढलेले लोक ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेबद्दल बोलू लागले की सोफ्याचा विषय निघतोच. शनिवारी संध्याकाळी फुटबॉलचे निकाल संपायचे, अंगावर काटा आणणारी ती धून वाजायची, आणि डालेक आले की पोरं सोफ्यामागे लपायची. डालेक म्हणजे जमिनीवरून सरकणारा धातूचा डबा. एका हाताच्या जागी चक्क तुंबलेलं सिंक मोकळं करायचा रबरी पंप. त्याला घाबरायचं तर निम्मं काम प्रेक्षकानेच करायला हवं. ते तो आनंदाने करायचा. पुढे बीबीसीने ही मालिका पुसायला घेतली, तेव्हा तीच सवय कामी आली.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३चा. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली, त्यामुळे पुढच्या शनिवारी तो पुन्हा दाखवावा लागला. निर्माती व्हेरिटी लँबर्ट सत्तावीस वर्षांची आणि दिग्दर्शक वारिस हुसेन चोवीस वर्षांचा, लखनऊचा जन्म, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. दोघांच्या हाती पैसा बेताचाच. मालिकेचा नायक असलेल्या डॉक्टरच्या काळयानाचा तो घरघरता आवाज कसा काढला, तर जुन्या पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून. डेलिया डर्बिशरने शीर्षकसंगीताचा एकेक स्वर फितीवर घेतला, तुकडे कापले आणि हाताने जोडले. १९६६मध्ये प्रमुख नट विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना, तेव्हा डॉक्टर परग्रहावरचा आहे, त्याचं शरीर बदलू शकतं, अशी पळवाट काढून पॅट्रिक ट्राउटनला आणलं गेलं. मालिका आजवर तगली ती या पळवाटेवर, असं मला वाटतं.

हार्टनेल आणि ट्राउटन यांच्या काळातल्या भागांवर पुढे संक्रांत आली. दोन इंच रुंदीची व्हिडिओ फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता यायची. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल मालिका कोण विकत घेणार? आणि प्रेक्षक घरी कॅसेट लावून बघतील, हे तर कुणाच्या डोक्यातही नव्हतं. परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी काढलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रतीही सत्तरच्या दशकात नष्ट होत राहिल्या. खलनायकी वगैरे काही नाही, निव्वळ गोदामाचा हिशेब. पण त्या हिशेबात नव्वदहून अधिक भाग गेले.

गंमत अशी, की गेलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे. टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर मांडून, घरच्यांना गप्प बसवून काही पोरांनी ते भाग टेप केले होते. चित्र डोक्यात, आवाज फितीवर. सत्तरच्या दशकात टेरन्स डिक्ससारख्या लेखकांनी या कथांच्या स्वस्त कादंबऱ्या केल्या, आणि ज्यांनी मालिका पाहिलीच नव्हती त्यांच्याही डोक्यात ती दिसू लागली. कागदावर खर्चाची मर्यादा नसते. तिथले राक्षस अवाढव्य होते.

हरवलेल्या कथांमध्ये ‘टूंब ऑफ द सायबरमेन’चा दबदबा सगळ्यात मोठा. १९६७ची ही कथा म्हणजे मालिकेचं शिखर, असं ती पाहिलेले मोठे चाहते धाकट्यांना सांगत. मग तिचे चारही भाग हाँगकाँगमध्ये सापडले आणि १९९२मध्ये कॅसेट निघाली. लोकांनी बघितलं, तर हवेत उचललेल्या नटाच्या तारा सरळ दिसत होत्या. काही चाहते खट्टू झाले. पंचवीस वर्षं आठवणीने त्या तारा बेमालूम झाकल्या होत्या.

मला मात्र त्याच कथेतला दुसरा प्रसंग मोठा वाटतो. वडील नुकतेच गमावलेली सहप्रवासी व्हिक्टोरिया डॉक्टरला त्याच्या घरच्यांबद्दल विचारते. ट्राउटन आवाज न चढवता सांगतो, की मनात आणलं तर त्यांना डोळ्यांपुढे उभं करता येतं. एरवी ते आत झोपलेले असतात. ना राक्षस, ना यान, नुसती दोन माणसं बसून बोलताहेत. हा प्रसंग कोणत्याही बजेटमध्ये असाच झाला असता.

२०१३मध्ये नायजेरियातून आणखी नऊ भाग परत आले, तेही ट्राउटनच्याच काळातले. त्याआधी, २००९मध्ये, मॅट स्मिथची अकरावा डॉक्टर म्हणून निवड झाली होती. तयारीसाठी जुने भाग पाहताना तो ‘टूंब’वर आणि त्यातल्या ट्राउटनवर फिदा झाला. तारा त्यालाही दिसल्या असतीलच. त्याने उचलला तो ट्राउटनचा बो-टाय.