पडून राहिलेल्या फोनचं करायचं काय?

मुलांनो, घरातला एखादा खण उघडून बघा बरं! जुन्या चाव्या आणि संपलेले सेल यांच्याशेजारी एखादा जुना टचस्क्रीन फोन पडलेला असेल. काच जराशी तडकलेली, सिमकार्ड काढून घेतलेलं. "किती दिवस ठेवायचं हे भंगार?" असं दर दिवाळीला आई विचारते. आईला सांगा, थांब जरा!

सिम नसलं म्हणून काय झालं? २००७ साली ॲपल कंपनीने 'आयपॉड टच' नावाचं यंत्र आणलं. बोट टेकवलं की गाणं सुरू! त्यात सिम कधीच नव्हतं, तरी ते १५ वर्षं चाललं. २०२२ मध्ये ते बंद झालं, कारण तोवर हीच सारी कामं फोन करू लागले होते. म्हणजे तुमचा जुना फोन हाही एक गाणी ऐकण्याचा खजिनाच की!

मात्र आधी थोडी तयारी करा. नको असलेले व्हिडिओ पुसून टाका. 'विमान मोड' चालू करा. मग फोन नेटवर्क शोधत बसत नाही आणि बॅटरी जास्त टिकते. बॅटरी फुगलेली दिसली, तर मात्र फोनला हात लावू नका, लगेच मोठ्यांना सांगा.

आता एक गणित. साधारण दर्जाच्या एमपीथ्री आवाजाला मिनिटाला सुमारे १ एमबी जागा लागते. म्हणजे १ जीबीत झाली १००० मिनिटं, सोळा तासांहून जास्त! एवढ्या जागेत भरायचं तरी काय?

आता नामपूरचंच बघा. मोसम नदीकाठचं, नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातलं हे गाव. इथल्या कितीतरी घरांत अहिराणी बोलतात. 'मला' नाही, 'माले'! 'तुला' नाही, 'तुले'! शाळेतली पुस्तकं प्रमाण मराठीत, फोनवरची गाणी बहुतेक हिंदी. मग श्रावणातली कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या कुठे आहेत? त्या आहेत आजीच्या तोंडात. आजी गप्प झाली, की त्याही गप्प!

खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी लिहून ठेवली, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघू शकलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. कितीतरी ओव्यांचं तर रेकॉर्डिंगही केलं. त्यासाठी त्यांना यंत्रं घेऊन गावोगाव फिरावं लागलं. तुमचं यंत्र तर घरातच आहे!

मग लागा कामाला. आधी आजीला विचारा, "आजी, तुझं गाणं भरून ठेवू का?" ती 'हो' म्हणाली तरच पुढे जायचं. पंखा आणि टीव्ही बंद करा. कांद्याचे ट्रॅक्टर धडधडत नसतील अशी वेळ निवडा. फोन घडी केलेल्या गोधडीवर, आजीपासून हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला तारीख, गावाचं नाव आणि आजीचं नाव बोला. मग मध्ये बोलू नका. आजी अडखळली तरी थांबू द्या, आठवतं तिला. एखादा शब्द कळला नाही, तर गाणं संपल्यावर अर्थ विचारा आणि तोही भरून घ्या.

शेवटी फाइलला नीट नाव द्या आणि दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाबांच्या फोनवर ठेवा. जुना फोन कधी दगा देईल, सांगता येत नाही!

आणि हो, पहिलं गाणं भरून झालं की ते आजीलाच ऐकवा. स्वतःचा आवाज ऐकून ती आधी लाजेल, मग हसेल. मग म्हणेल, "अजून एक आठवलं बघ!"

तेव्हा बॅटरी भरलेली असू द्या, बरं का!