मारुती ८००चं इंजिन

डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८००चं इंजिन ७९६ सीसीचं: तीन सिलिंडर, बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी. आधी कार्ब्युरेटर, पुढे एमपीएफआय (मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन). इतकं साधं, हलकं आणि दुरुस्तीला सोपं इंजिन विरळाच. त्याला सोसत नाही ती उष्णता. रेडिएटर चोंदला किंवा थर्मोस्टॅट अडकला की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतोय आणि सायलेन्सरचा पांढरा धूरही थांबत नाही, असं असेल तर गाडी पुढे रेटूच नका. तापमानाचा काटा चढला की इंजिन लगेच बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र पूर्ण निवल्यावरच उघडा. टायमिंग बेल्टही वेळच्या वेळी बदला.