बाजूला कोण उभं आहे?

पहाटे 5.15

शटर वर केलं की आधी दिवे, मग पंखे आणि लगेच हातात कोरडं फडकं. आमची व्यायामशाळा कोलशेतच्या खाडीपासून लांब नाही. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की रात्रभरात बारवर गंजाची तांबूस झाक येते. बारच्या खरखरीत खाचांत घाम, खडूची पूड आणि गंज मिळून चिकट थर बसतो. खाचा बुजल्या की बार पाठीवर पकड घेत नाही, बनियनवरून खाली घसरू लागतो. म्हणून दिवसाचं पहिलं काम ताठ ब्रशने बार घासण्याचं.

मग चामडी पट्टे. त्यांवर बुरशी धरते. ती पुसायची, शिवण ओढून बघायची, बक्कल हलवून बघायचं. शेवटी रॅक. बार टेकवायचे आकडे आणि खालच्या सेफ्टी, म्हणजे पडता बार अडवणाऱ्या दोन आडव्या दांड्या, नीट अडकल्या आहेत ना, हे हाताने हिसका देऊन तपासते. नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही, कारण पिन अर्धी बसलेली असली तरी लांबून पूर्ण बसल्यासारखी दिसते.

सकाळी 6.00

गावठाणातली पोरं आणि नव्या गृहसंकुलांतली नोकरदार मंडळी एकत्रच येतात. एकेकाळी याच रस्त्याला रसायनांचे कारखाने होते. आता तिथले रहिवासी कामावर जाण्याआधी तासभर घाम गाळून जातात.

आज एकाने पिशवीतून नवा पट्टा काढला, लिव्हरचा. "ताई, आता 140 किलो बिनधास्त!"

"पट्टा छान आहे. 140 ला मागे आणि बाजूला कोण उभं राहणार, ते सांगा."

तो गप्प झाला. हे मला जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाला विचारावं लागतं, आणि उत्तर क्वचितच तयार असतं.

पट्टा पाठीला आवळून धरतो, असा सर्रास समज आहे. खरं काम पोट करतं. खोल श्वास पोटात भरायचा आणि चहूबाजूंनी पट्ट्यावर दाबायचा. त्यामुळे पोटातला दाब वाढतो आणि कणा आतून स्थिर होतो. श्वास न भरता पट्टा नुसता करकचून बांधला, तर तो कंबरेभोवतीचं चामडं एवढाच उरतो. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ 1972 साली स्थापन झाला. त्याच्या नियमांप्रमाणे पट्टा जास्तीत जास्त 10 सेंटीमीटर रुंद आणि 13 मिलिमीटर जाड चालतो. गुडघ्याची निओप्रीनची स्लीव्ह 7 मिलिमीटरपेक्षा जाड नको. ज्या प्रकारात पूर्ण साहित्य चालतं, तिथे 2 मीटर लांबीचे रॅप गुडघ्याला गुंडाळतात आणि अंगात घट्ट सूट चढवतात.

स्लीव्ह सांधा उबदार ठेवते, थोडा आधार देते. रॅप आणि सूट खाली बसताना ताणले जातात आणि वर येताना ती ताकद परत देतात. म्हणजे अंगावर चढवलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू माणसाला जास्त वजन घ्यायला मदत करते. वजन वाढलं की चुकलेल्या बैठकीची किंमतही वाढते. पडणारा बार यातली एकही वस्तू झेलत नाही. तो झेलतात सेफ्टी आणि माणसं. पण पैसे खर्च होतात अंगावरच्या वस्तूंवर.

140 आज नाही, असं मी त्याला सांगितलं. 100 वर पाच-पाचचे सेट घेतले, श्वासासकट.

सकाळी 8.30

धावण्याचे बूट घालून रॅकमध्ये शिरलेल्या दोघांना बाहेर काढलं. तो मऊ तळवा वजनाखाली दबतो आणि पाऊल डुगडुगतं. कडक तळव्याचे सपाट बूट किंवा टाच उचललेले लिफ्टिंगचे बूट घालावेत.

सकाळी 11.00

हा तास रिकामा असतो. वहीत मी कोणाला कुठे दुखलं ते लिहून ठेवते: कंबरेत भरलेली उसण, बार खांद्याच्या मागे धरताना दुखणारं कोपर, मांडीच्या सांध्यातली कळ. बहुतेक नोंदी अशाच साध्या आहेत. 2017 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने छापलेल्या एका आढाव्यात पॉवरलिफ्टिंगमध्ये दर 1000 तासांच्या सरावामागे 1.0 ते 4.4 दुखापती आढळल्या. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांपेक्षा हे प्रमाण कमी आहे. हा आकडा मी पालकांना मुद्दाम सांगते, कारण हा खेळ म्हणजे मणका मोडणं, असं घरोघरी ऐकायला मिळतं.

पण या आकड्याने समाधान मानून स्वस्थ बसता येत नाही. स्क्वॉटमधले, म्हणजे पाठीवर बार घेऊन मारलेल्या बैठकीतले, धोके दोन जातीचे आहेत. पहिला शरीराचा. 2020 मध्ये मॉस्कोजवळच्या स्पर्धेत अलेक्झांडर सेडिख हा रशियन खेळाडू 400 किलो घेऊन खाली बसला आणि त्याचे दोन्ही गुडघे निकामी झाले. हा धोका वर्षानुवर्षं हळूहळू वजन वाढवून, विश्रांती घेऊन आणि दुखतंय ते वेळेवर सांगून कमी करावा लागतो. दुसरा धोका बारचा. फेब्रुवारी 2025 मध्ये राजस्थानात बिकानेरला 17 वर्षांची एक सुवर्णपदक विजेती सराव करत होती. 270 किलोचा बार तिच्या मानेवर आला. मागे उभे असलेले प्रशिक्षकही त्या धक्क्याने फेकले गेले. मुलगी वाचली नाही.

ती बातमी आली त्या दिवशी आमच्या मुलींनी मला ती चित्रफीत दाखवायचा प्रयत्न केला. मी बघितली नाही, त्यांनाही बघू दिली नाही. दोष कोणाचा, ते ठरवणारी मी कोण? पण एक गोष्ट हिशेबाचीच आहे: 270 किलो पडू लागले तर मागचा एकटा माणूस ते पकडू शकत नाही. तो कितीही बलदंड असो. शरीराच्या धोक्याला काही अंशी नशीब असतं. बारच्या धोक्याला मात्र लोखंडाच्या दोन दांड्या आणि तीन शिकवलेली माणसं पुरतात. त्यामुळे त्याला मी अपघात म्हणून सोडून देऊ शकत नाही.

दुपारी 3.30

अकरावीतली एक मुलगी आणि तिची आई. 14 ते 18 वर्षांच्या सब-ज्युनियर गटात जिल्हा स्पर्धेला उतरायचं आहे. पुण्याच्या आयुर्वेदाच्या डॉक्टर शर्वरी इनामदार यांचा साडी नेसून व्यायाम करतानाचा व्हिडिओ आईनेच लेकीला दाखवला होता. तरी भीती जात नाही.

"ताई, हिची उंची खुंटणार नाही ना? आणि पाठ?"

उंची खुंटत नाही, असं मी सांगितलं. पाठीचं उत्तर तोंडी देण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना रॅकपाशी नेलं. मुलीच्या पाठीवर नुसता 20 किलोचा बार ठेवला आणि स्पर्धेत लागते तेवढी खोल बैठक मारायला लावली. मांडीचा वरचा सांधा गुडघ्याच्या माथ्याखाली गेला पाहिजे, असा नियम आहे. तिथे तिला थांबवलं आणि सेफ्टी बारच्या दोन बोटं खाली येतील अशा भोकांत लावल्या. त्याहून वर लावल्या तर चांगली बैठकही दांडीवर आपटते. फार खाली लावल्या तर पुढे वाकलेल्या माणसाला त्यांचा उपयोग होत नाही.

मग तिला मुद्दाम हरायला सांगितलं. खाली बस, उठू नकोस, बार दांड्यांवर टेकव आणि खालून बाहेर ये. पहिल्यांदा ती घाबरली. तिसऱ्यांदा हसत बाहेर आली. आईचा चेहरा तेव्हा सैल झाला. बैठक शिकवण्याआधी मी पडायला शिकवते, आणि यात कोणालाही सूट नाही.

संध्याकाळी 5.30

आता तालीम उभं राहणाऱ्यांची. शाळा-कॉलेजातून आलेली मुलं याला कंटाळतात, कारण यात स्वतःला वजन उचलायला मिळत नाही. तरी अर्धा तास हेच चालतं.

मागचा माणूस लिफ्टरच्या इतका जवळ की श्वास मानेला लागावा. हात काखेखालून छातीपुढे, पण अंगाला न लावता. लिफ्टर बसला की तोही सोबत बसतो. नुसता वाकला तर त्याचीच कंबर जाते. बाजूचे दोघे बारच्या टोकांशी, दोन्ही हात प्लेटांबाहेरच्या टोकाखाली. त्यांनी लिफ्टरच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही. चेहरा सगळ्यांचाच ताणलेला असतो, त्यावरून काही कळत नाही. बघायचा बार. वर येता येता तो थांबला आणि खाली येऊ लागला, तेव्हा हात घालायचा.

आवाज एकाचाच, मागच्याचा: "घ्या!" त्या एका शब्दावर तिघांनी मिळून उचलायचं. डावा अर्धा क्षण आधी उचलेल तर सगळा भार उजवीकडे कलंडतो आणि मधल्या माणसाचा कणा पिळला जातो. म्हणून हा अर्धा तास. कमी वजनावर, पुन्हा पुन्हा, कधी "घ्या" येईल हे न सांगता.

लिफ्टरसाठीही नियम आहे: बार सोडून पळायचं नाही. वेटलिफ्टिंगमध्ये रबरी प्लेटा असतात, बार मागे टाकून पुढे निसटता येतं. इथे लोखंडी प्लेटा, बार खांद्यांच्या मागे खाली रुतलेला आणि मागे माणूस उभा. पुढे कोसळलं तर बार मानेकडे येतो. तेव्हा छाती वर ठेवून, पाय जमिनीत रोवून, बार आकड्यांवर टेकेपर्यंत उठत राहायचं.

स्पर्धेत मंचावर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच मदतनीस असतात. मुख्य पंच "स्क्वॉट" म्हणतो तिथपासून "रॅक" म्हणेपर्यंत त्यांनी बारला किंवा खेळाडूला हात लावला तर प्रयत्न बाद. या नियमाच्या धाकाने नवी मुलं हात घालायला कचरतात. त्यांना मी सांगते, प्रत्येक लिफ्टला तीन प्रयत्न मिळतात. एक गेला तर गेला.

संध्याकाळी 7.45

आज जड दिवस. गावातला एक मुलगा पहिल्यांदा 180 घेणार. एकाने हिशेब मोठ्याने म्हटला: बार 20, कॉलर अडीच-अडीचच्या, म्हणजे 25. दोन्हीकडे लाल पंचवीसच्या तीन-तीन प्लेटा, झाले 175. वर अडीच-अडीच. दुसऱ्याने प्लेटा मोजून दुजोरा दिला. हे दोनदा मोजणं मी सोडत नाही.

खडू लावला, पट्टा आवळला, श्वास भरला. बार आकड्यांवरून उचलून मागे येताना तीन छोटी पावलं. माझं सगळ्यात जास्त लक्ष या पावलांवर असतं. प्रेक्षकांना खाली बसणं अवघड वाटतं, पण बार हलतो, पाय हवेत असतो, घसरण्याची शक्यता असते ती इथे. म्हणून बाजूचे दोघे याच क्षणापासून बारसोबत चालतात.

तो बसला. खोली पुरेशी होती. वर येताना गुडघे काटकोनाच्या जरा वर आले आणि बार थांबला. एक क्षण तसाच. मग खाली.

"घ्या!"

बार आकड्यांवर टेकला तेव्हा त्याचे हात अजून बारवर होते. मी हात आधी न सोडण्याबद्दल त्याचं कौतुक केलं, आणि बाजूच्या दोघांचं त्याहून जास्त. 180 पुढच्या महिन्यात. नंतर प्लेटा काढताना एकाने घाईत डावी बाजू रिकामी करायला घेतली. त्याला थांबवलं. एकीकडच्या सगळ्या काढल्या की रॅकवरचा बार उलटून पडतो. दोन्हीकडून एकेक.

रात्री 9.30

वहीत प्रत्येकाच्या नावापुढे दोन नोंदी लिहिते: रॅकच्या आकड्यांची उंची आणि सेफ्टीचं भोक. उंची वाढणाऱ्या मुलांच्या या नोंदी दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात.

शटर लावण्याआधी एक विनंती. तुमचं मूल व्यायामशाळेत जात असेल तर एक दिवस सोबत जा. यंत्रं किती, आरसे केवढे, हे बघू नका. रॅकला सेफ्टी आहेत का ते बघा. जड बैठकीला तीन माणसं उभी राहतात का, आणि उभं कसं राहायचं हे त्यांना कोणी शिकवलं, ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर त्या रॅकखाली मुलाला उभं करू नका.