हवामानबदलाविषयीची विधाने : वस्तुस्थिती, अनुमान व मत

परिसर अभ्यासाच्या तासास हवामानबदलाचा विषय निघाला म्हणजे वर्गात नाना प्रकारची वाक्ये ऐकू येतात. काही पाठ्यपुस्तकातील, काही पारावर ऐकलेली, आणि अलीकडे पुष्कळशी भ्रमणध्वनीवर आलेली. मुले ती सर्व एकाच सुरात म्हणतात. परंतु ह्या वाक्यांचे प्रकार निरनिराळे असून प्रत्येकाची पारख करण्याची रीतही निराळी आहे.

उदाहरणादाखल एक वाक्य घ्यावे : ‘२००५ साली मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो हवामानबदलामुळे पडला, म्हणून कोळशावरील वीजकेंद्रे ताबडतोब बंद केली पाहिजेत.’ वाक्य एक दिसते. त्यात विधाने तीन आहेत.

पहिले विधान वस्तुस्थितीचे. त्याचा निवाडा पर्जन्यमापक करतो. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, हे खरे. परंतु त्याच अवधीत त्याच शहरातील कुलाब्यास जेमतेम ७४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. तेव्हा ‘मुंबईत’ हा शब्द ढिला ठरतो. वस्तुस्थितीचे विधान म्हणजे खरे विधान, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. असे विधान खोटे किंवा अर्धवटही असू शकते. मात्र ते मोजून तपासता येते. ‘आमच्या लहानपणी असे ऊन नव्हते’ हेही ह्याच प्रकारातले. आजोबांच्या स्मरणाचा मान राखावा, पण निर्णय तापमानाच्या नोंदवहीवरून करावा.

दुसरे विधान अनुमानाचे. डोंगरावर धूर पाहून तेथे अग्नी असल्याचे ताडणे, हे न्यायशास्त्रातील उदाहरण शिक्षकांच्या परिचयाचे आहेच. अनुमान म्हणजे अंदाजपंचे बोलणे नव्हे. हेतू भक्कम असेल तर अनुमानही भक्कम असते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग ह्यांनी १९५८ साली हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड मोजण्यास आरंभ केला. तेव्हा तो दहा लक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० हून अधिक आहे. ही झाली मोजणी. ही वाढ कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे झाली, हे मात्र अनुमान. कारण धुराड्यातून निघालेल्या कणामागे कोणी धावत गेलेले नाही. तरी त्यास आधार आहे. कोळसा व तेल कोट्यवधी वर्षांचे जुने असल्याने त्यांत किरणोत्सर्गी कार्बन उरलेला नसतो. असा जुना कार्बन हवेत मिसळून किरणोत्सर्गी कार्बनाचे प्रमाण पातळ झाल्याचे हान्स सुएस ह्यांना १९५० नंतरच्या दशकात झाडांच्या वलयांत आढळले. शिवाय ज्वलनात खर्च होणारा प्राणवायूही हवेत किंचित घटत आहे. असे अनेक हेतू एकाच दिशेस बोट दाखवितात. पृथ्वी तापण्यात मानवाचा हात निःसंशय आहे, असे आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने २०२१ साली म्हटले, ते अशा पुराव्यांच्या बळावर.

सांताक्रूझच्या पावसाविषयीचे अनुमान इतके सरळ नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली तर ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ ह्या काळात तिप्पट झाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. ह्यावरून अतिवृष्टी वाढत असल्याचे अनुमान बळकट होते. परंतु एका विशिष्ट दिवसाचा सगळा पाऊस एकाच कारणाच्या माथी मारता येत नाही.

तिसरे विधान मताचे. ‘पाहिजे’, ‘योग्य’, ‘अन्याय’ हे शब्द आले की ते ओळखावे. चंद्रपूरच्या वीजकेंद्रातील कामगाराची भाकरी, शेतकऱ्याच्या पंपाची वीज आणि पुढील पिढीचे हित ह्यांचे वजन कोणताही तापमापक करीत नाही. तेथे कारणे मागावीत, ती तोलावीत, आणि मतभेद राहिल्यास राहू द्यावा.

एका चुकीपासून मात्र शिक्षकांनी विशेष जपावे. पृथ्वी का तापते असे मुलाने विचारले असता ‘ज्याचे त्याचे मत’ म्हणून विषय मिटविणे सोपे असते. पण त्यायोगे पुराव्याने सिद्ध झालेले अनुमान आवडीनिवडीच्या पंक्तीस बसते, आणि पुरावा मागण्याची मुलाची सवय तेथेच मोडते. वादळाची वा पुराची सूचना आली असता असा विद्यार्थी पुढे तीही कोणाचे तरी मतच समजेल.

वर्गात फळ्यावर तीन रकाने आखून गावचीच वाक्ये घ्यावीत. ‘जूनमध्ये आपल्या मंडळात इतके मिलिमीटर पाऊस झाला’, ‘पेरणी लांबेल’, ‘सोयाबीनऐवजी तूर पेरावी’ ही सहज विभागली जातात. नंतर ‘यंदा पाऊस वाईट झाला’ हे वाक्य द्यावे. त्यावर वर्गात हमखास वाद होतो, कारण ज्या सरीने कोकणातील भात तरारतो तीच नाशिककडील द्राक्षबागाईतदारास नकोशी असते. ‘वाईट म्हणजे किती मिलिमीटर, आणि कोणास वाईट?’ असे विचारताच मुले ते वाक्य आपणहून दोन रकान्यांत तोडून लिहितात.