जुने फ्लॉपी ड्राइव्ह आणि पीसी

फ्लॉपी ड्राइव्ह पीसीला ३४ तारांच्या चपट्या केबलने जोडला जातो. या जोडणीचा मूळ आराखडा शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकी कंपनीच्या १९७६ मधील ५.२५ इंची एसए-४०० ड्राइव्हचा. आयबीएमने १९८१ च्या पीसीसाठी तो थोड्या फरकाने उचलला आणि पुढे ३.५ इंची ड्राइव्हही त्याच तारांवर चालले. त्यामुळे वेगवेगळ्या काळातले ड्राइव्ह एकाच केबलवर बसतात.

आयबीएमचा फरक केबलमध्येच दिसतो. १० ते १६ क्रमांकाच्या सात तारा वेगळ्या काढून उलट्या वळवलेल्या असतात. सर्व ड्राइव्हचे जंपर दुसऱ्या क्रमांकावरच ठेवायचे. पिळाच्या पुढे, टोकाला लावलेला ड्राइव्ह ‘ए’ होतो आणि पिळाच्या आधीचा ‘बी’. केबलची रंगीत कड पहिल्या पिनकडे हवी. केबल उलटी बसली, तर पीसी सुरू होताच ड्राइव्हचा दिवा लागतो आणि विझतच नाही. ५.२५ इंची जुन्या ड्राइव्हवर टर्मिनेटर रेझिस्टरचा संच असतो. तो फक्त टोकाच्या ड्राइव्हवर ठेवून मधल्याचा काढतात. विजेसाठी ५.२५ इंचीला मोठा, तर ३.५ इंचीला छोटा चार पिनांचा प्लग लागतो. शेवटी बायोसमध्ये ड्राइव्हचा प्रकार नोंदवायचा.

तारा जुळल्या तरी फ्लॉपी वाचली जाईलच असे नाही. ३६० केबीच्या ड्राइव्हवर ४० ट्रॅक असतात आणि चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, १.२ एमबीच्या ड्राइव्हवर ८० ट्रॅक आणि ३६० फेरे. दुसऱ्याचे हेड अरुंद असल्याने तो ३६० केबीची फ्लॉपी वाचतो. पण त्यावर पुन्हा लिहिले, तर जुन्या रुंद ट्रॅकच्या कडा तशाच उरतात आणि मूळ ड्राइव्हला ती फ्लॉपी नीट वाचता येत नाही. अ‍ॅपल टू किंवा सुरुवातीच्या मॅकिंटॉशच्या फ्लॉपींवरची नोंदणीची पद्धतच वेगळी असल्याने पीसीच्या कंट्रोलरला ती उलगडत नाही.

आठ इंची ड्राइव्हला ५० संपर्कांचा जोड असतो, म्हणून मध्ये अडॅप्टर घालावा लागतो. शिवाय त्याला २४ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि अनेक जुन्या नमुन्यांची मोटर थेट घरगुती विजेवर चालते. त्याच्या जुन्या एकपट घनतेच्या फ्लॉपी पीसीचे अनेक कंट्रोलर वाचत नाहीत.

नव्या मदरबोर्डवर ३४ पिनांची जागाच नसते. यूएसबीवर चालणारे तयार ड्राइव्ह सहसा ३.५ इंचीच असतात आणि ठरावीक फॉरमॅटच ओळखतात. जुन्या ड्राइव्हसाठी ग्रीझविझल किंवा क्रायोफ्लक्ससारखे कार्ड वापरतात. ते एका बाजूने ३४ तारांना आणि दुसऱ्या बाजूने यूएसबीला जोडले जाते. चकतीवरील चुंबकीय बदलांमधले अंतर ते जसेच्या तसे टिपते. फॉरमॅट उलगडण्याचे काम नंतर सॉफ्टवेअर करते. म्हणून अ‍ॅपलच्या किंवा एकपट घनतेच्या फ्लॉपीही त्यातून वाचता येतात.

वाचण्यापूर्वी फ्लॉपीवर चुकून लिहिले जाणार नाही याची तजवीज करतात. ५.२५ इंचीची कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची, ३.५ इंचीची खिडकी उघडी ठेवायची. आठ इंचीचा नियम उलटा आहे: तिची खाच उघडी असली, तरच लेखन अडते.